तर्रीची कात आणि लिमयेबाईंची ओल

सापाची कात एकसंध निघाली पाहिजे, ही गोष्ट महिपती गजभिये यांनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी प्रतिष्ठेची केली. माणसं या वयात गुडघे, नातवंडं किंवा फार तर सोसायटीचं चेअरमनपद प्रतिष्ठेचं करतात. गजभियांचे गुडघे ठणठणीत होते, नातवंडं नव्हती, आणि चेअरमनपद तात्याराव पानसे यांच्या हातून सुटेल असं कोथरूडात कुणालाच वाटत नव्हतं. राहता राहिला साप.

साप मुळात त्यांचा नव्हताच. तो त्यांच्या मुलीचा, अपेक्षाचा. खराडीतल्या कंपनीनं तिला सहा महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं, तेव्हा जाता जाता ती एक काचेची पेटी आईवडिलांच्या हॉलमध्ये ठेवून गेली. पेटीत कॉर्न स्नेक नावाच्या परदेशी जातीची, बिनविषारी, सरकारदरबारी रीतसर नोंद असलेली एक मादी होती. रंग असा लालकेशरी, की नागपूरच्या पोह्यांवर ओततात ती तर्री आठवावी. म्हणून तिचं नाव तर्री. गजभियांच्या पत्नी द्वारकाबाई यांनी पहिल्याच दिवशी दोन अटी घातल्या. तिच्या जेवणाचे गोठवलेले उंदीर घरातल्या फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत, आणि पेटीचं झाकण आपल्यासमोर उघडायचं नाही. पहिल्या अटीपायी एक छोटा फ्रीज वेगळा घ्यावा लागला. दुसरी अट द्वारकाबाईंनी स्वतःच काही दिवसांत मोडली, पण त्याविषयी घरात कुणी बोलत नसे.

मार्चमध्ये तर्रीनं कात टाकली, ती तुकड्यातुकड्यांनी. कांद्याची सालं पडावीत तशी पेटीभर पडली होती. त्यातून एका डोळ्यावरचा पापुद्रा सुटलाच नाही. प्राण्यांच्या डॉक्टरनं ओल्या कापसानं तो हळूच काढला आणि हात धुता धुता म्हणाला, "काका, पेटीतली हवा फार कोरडी आहे. कात टाकायच्या दिवसांत साठ टक्के तरी आर्द्रता हवी. पुढच्या वेळी दोन्ही डोळ्यांवर राहिलं तर नजर जाईल हिची."

त्याच संध्याकाळी अपेक्षाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि गजभियांना जास्त लागलं ते तेच.

"बाबा, इट्स ओके. तुम्हाला नाही जमणार ते. मी सौरभला सांगते, तो येऊन घेऊन जाईल तर्रीला. विश्रांतवाडीला त्याच्याकडे तीन साप आहेत, त्याचा प्रॉपर सेटअप आहे."

"मला जमणार नाही?" गजभिये म्हणाले.

"तसं नाही हो बाबा..."

"पुढची कात. एक संधी दे. अख्खी निघाली नाही तर खुशाल बोलाव त्या सौरभला."

आता गजभिये म्हणजे कोण? पाटबंधारे खात्याचे निवृत्त शाखा अभियंता. भंडारा, गोंदिया, मग पुणे अशी नोकरी. हजारो हेक्टर जमिनीला त्यांनी पाणी पुरवलं. त्यातलं काही शेतात पोचलं, काही कागदावर, पण पुरवलं. अशा माणसाला चार फुटांची पेटी ओलसर ठेवता येत नाही, हे पोटच्या पोरीनं युरोपात बसून सांगावं!

शिवाय एक आतली गोष्ट होती. निवृत्तीनंतर गजभियांचं ऐकून घेणारं घरात कुणी उरलं नव्हतं. सकाळी ते तर्रीच्या पेटीपाशी खुर्ची ओढून पेपर मोठ्यानं वाचत, आणि ती फांदीवर येऊन मान उचलून बघत राही. सापाला पेपर कळत नाही हे त्यांना माहीत होतं. पण खात्यातल्या वरिष्ठांनाही त्यांचे अहवाल कळत नसत, आणि ते तर समोर बसतही नसत. ती सौरभकडे गेली असती तर गजभियांना करमलं नसतं. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, द्वारकाबाईंजवळ तर नाहीच.

पहिला उपाय म्हणून त्यांनी द्वारकाबाईंची इस्त्रीची फवारणीची बाटली ताब्यात घेतली आणि बाजारातून आर्द्रता मोजायचा एक मीटर आणला. फवारलं की काटा सत्तरावर, चहा पिऊन आलं की तिशीवर. मीटरवर विश्वास बसेना म्हणून दुसरा आणला. तो पहिल्याशी भांडायला लागला. निकाल लावायला तिसरा आणला, तर त्यानं दोघांनाही खोटं पाडलं. गजभिये डगमगले नाहीत. खात्यात पर्जन्यमापकांचं असं झालं की सरासरी काढत. त्यांनीही काढली. सरासरी समाधानकारक होती, तर्री नव्हती. ती पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसायला लागली होती.

मग त्यांनी पेटीत नारळाच्या भुशाचा जाड थर दिला आणि त्याला कालव्यासारखी पाणीपाळी लावली. पेटीच्या टोकाकडून सुरुवात, मग मध्य, मग तोंडाशी. टोकाला आधी पाणी, हे तत्त्व त्यांनी नोकरीत कायम मांडलं आणि कधीच अमलात येताना पाहिलं नव्हतं. इथे ते आलं. भुशातून पांढऱ्या छत्र्या उगवल्या. तर्री सगळ्यात वरच्या फांदीवर जाऊन बसली आणि खाली उतरेना.

द्वारकाबाई पेटीत वाकून बघत म्हणाल्या, "अजी, सापाचं राहू द्या. मशरूमची भाजी कधी करायची तेवढं सांगा."

एव्हाना सोसायटीला सुगावा लागला होता. आमच्या लोकांचा एक गुण आहे. साप पाळणं त्यांना मान्य नसतं, पण पाळलाच आहे तर कसा पाळावा हे प्रत्येकाला माहीत असतं. तळमजल्यावरच्या कुसुमताईंनी सांगितलं की पेटी कोथिंबिरीसारखी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आठवडाभर टवटवीत राहते. समोरच्या अनंत देवधरांनी स्वतःचं वाफ घ्यायचं यंत्र आणून दिलं. गजभियांनी ते चारचारदा धुतलं, तरी त्याला निलगिरीचा वास होता. पेटीजवळ नेताच तर्रीनं अशी फणकाऱ्यानं मान फिरवली, की त्यांनी ते यंत्र तसंच उलट्या पावली परत नेऊन दिलं.

चेअरमन तात्याराव पानसे बँकेतून निवृत्त झालेले. ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "गजभिये, आपण अभियंते आहात, मी काय सांगणार? पण घरात साप अस्वस्थ असणं बरं नाही. दुधाचा नैवेद्य वगैरे दाखवून पाहा."

"साप दूध पीत नाही," गजभिये म्हणाले, "आणि आम्ही नैवेद्य दाखवत नाही."

"बरं बरं. सुचवलं आपलं. ऐकायची सक्ती नाही," असं म्हणून तात्याराव खाली उतरले.

त्या रात्री गजभियांना साक्षात्कार झाला असं म्हणायला हरकत नव्हती, पण तो खरा दुपारच्या जेवणानंतर झाला. ते अंगाला खाज येते म्हणून खोबरेल चोळत होते, आणि त्यांच्या मनात आलं की नागपुरात बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत आपली कातडी कधी अशी तडकली नाही. का? कूलर! पत्र्याचा, खसच्या ताट्यांचा, कपाटाएवढा, नागपुरी कूलर! ज्या माणसाचं बालपण कूलरच्या टाकीत पाणी भरण्यात गेलं, तो इस्त्रीच्या बाटलीनं फवारे मारत बसला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी लगेच नागपूरला मेहुण्याला, हिंमतरावांना फोन लावला.

"जयभीम भाऊजी! पुण्यात कूलर भेटत नाही का जी?"

"भेटते. पण ते प्लास्टिकचे खेळणे आहेत. मले आपला पाहिजे."

"मग काहून टेन्शन घेऊन राहिले? आपला जुना पडूनच आहे न माळ्यावर. ताट्या नव्या लावतो अन् ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून देतो. सकाळी उतरवून घ्या."

सकाळी तो आला. लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार हमालांनी जिन्यानं चढवला, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर तो असा अडकला की ना वर जाईना ना खाली. दूध घेऊन येणारे तात्याराव खाली, कामाला निघालेली माणसं वर, आणि मध्ये कूलर.

"कपाट का?" तात्यारावांनी खालून विचारलं.

"कूलर."

"कोथरूडात?"

"सापासाठी आहे."

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचं दार उघडून लिमयेबाई बाहेर आल्या. प्रेमला लिमये या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहत, आणि त्यांचा फ्लॅट गजभियांच्या बरोबर खाली होता. त्यांनी कूलरकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "तिरपा करा. कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो, हे शाळेत शिकवलं होतं." कूलर तिरपा केला आणि निघाला.

तो हॉलमध्ये गॅलरीच्या दारात उभा राहिला आणि सुरू झाला. आवाज असा, की शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी शेतात ट्रॅक्टर आला का म्हणून चौकशी केली. खसचा वास दरवळला. गजभियांचे डोळे पाणावले. तर्री फांदीवरून उतरली. तिन्ही मीटर पन्नाशीच्या पुढे सरकले. तीन दिवस गजभिये विजयी वीरासारखे बनियनवर वावरले.

चौथ्या दिवशी घर फुगलं. नागपूरचं घर चहूबाजूंनी उघडं असतं, हवा इकडून येते आणि तिकडून जाते. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ती येते आणि मुक्काम करते. पापड लोळागोळा झाले, मिठाची बरणी ओघळली, आणि न्हाणीघराचं दार फुगून असं गच्च बसलं की द्वारकाबाई आतच अडकल्या. गजभिये बाहेरून धक्के मारत होते. आतून अतिशय शांत आवाज आला.

"अजी, मला बाहेर काढता, का इथेच कात टाकू?"

दार काढायला सुतार आला. सुतार आला म्हणजे बातमी पसरली. आणि पसरता पसरता तिला लिमयेबाईंच्या कोठीच्या खोलीतली ओल येऊन मिळाली.

ही ओल जुनी होती. कोठीच्या भिंतीवर ती तीन वर्षांपूर्वी उगवली आणि हळूहळू भारताच्या नकाशाएवढी झाली. बाईंनी कमिटीकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. कमिटीचं लेखी उत्तर ठरलेलं होतं : सदर ओल हवामानामुळे असून तिच्याशी संस्थेचा संबंध नाही. पण आता वरच्या मजल्यावर टाकीभर पाणी खेळवणारा एक माणूस आयता सापडला होता. तात्यारावांनी तातडीनं विशेष सभा बोलावली.

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरली. मे महिना, गुरुवारी पाणी बंद, एरवीही टँकर. अशा वेळी टँकरचं पाणी सापाला पाजतात, हा पहिला आरोप. आवाज, हा दुसरा. तिसरा ओलीचा.

"लिमयेबाईंची भिंत आपल्या कूलरमुळे भिजते आहे," तात्याराव म्हणाले. "आठ दिवसांत कूलर हलवावा. आणि सापाचाही काही विचार व्हावा. कुत्रं-मांजर समजू शकतो. लोकांना लळा लागतो."

गजभिये उभे राहिले. शांत असताना ते खात्याची मराठी बोलत, आणि सुरुवात त्यांनी तशीच केली. "सदर बाबतीत मला असं नमूद करायचं आहे की," इथपर्यंत ते आले, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"काहून हसून राहिले?" गजभिये गरजले. "साप आहे म्हणून लळा लागत नाही का? तुमच्या कुत्र्याले डोळे आहेत, तिलेही आहेत! ते डोळे जातील न, तर काय तुम्ही देणार? अन् गळती मले शिकवता? तीस वर्षं कालव्याच्या गळत्या शोधल्या मी! माझ्या कूलरचा एक थेंब जरी खाली गेला असल, तर कूलर मी सोता रस्त्यावर फेकतो. अन् नसल गेला, तर कूलरही राहीन अन् सापही राहीन. लिहून घ्या इतिवृत्तात!"

लिमयेबाई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पर्समधून पेन काढून सेक्रेटरीकडे सरकवलं. "लिहा की. म्हणतायत ना ते."

गळती शोधायची खात्याची रीत साधी आहे. संशयित पाण्यात रंग टाकायचा, आणि तो कुठे उमटतो ते बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गजभियांनी कूलरच्या टाकीत कपड्यांना घालायच्या निळीची अख्खी बाटली ओतली. एकच गोष्ट ते विसरले, कूलर बंद करायची. पंप चालू होता. निळं पाणी ताट्यांवर चढलं आणि पंख्यानं ते हॉलभर शिंपडलं. पडदे निळे झाले, टीव्ही निळा झाला, नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या चादरीसकट द्वारकाबाई निळ्या झाल्या. त्यांनी चादर खाली ठेवली, नवऱ्याकडे एक नजर टाकली, आणि तर्रीच्या पेटीवर आधी टॉवेल घातला. गजभियांच्या ते लक्षात आलं, पण हा विषय काढायची ती वेळ नव्हती.

दोन दिवसांनी ते पंचनाम्याला खाली गेले. सोबत बॅटरी, आणि सवयीनं तिन्ही मीटर. लिमयेबाईंच्या कोठीत लोणच्याच्या बरण्या, जुने पेपर आणि तो नकाशा. निळा ठिपका कुठेही नव्हता. गजभियांनी भिंतीवर हात फिरवला, कान लावला, डक्टची छोटी खिडकी उघडून बॅटरी मारली. सोसायटीच्या मुख्य पाइपचा जोड थेंब थेंब गळत होता. जोडाखाली शेवाळ असं दाट होतं, की ते कालपरवाचं नव्हे हे कुणीही सांगितलं असतं.

"ही तुमची ओल नाही बाई, अन् माझी पण नाही," ते म्हणाले. "ही संस्थेची आहे."

लिमयेबाईंनी मोबाइल खिडकीतून आत घातला, फोटो काढला आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली फक्त एवढंच लिहिलं : 'चेअरमनसाहेब, हवामानाचा फोटो पाठवत आहे.'

गजभियांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. बरण्यांच्या फळीवर ठेवलेल्या तीन मीटरांकडे ते खिळून बघत होते. तिन्ही साठावर होते. जन्मात कधी एकमत न झालेले ते तीन मीटर शेजारी शेजारी, निमूट, साठावर उभे होते.

वर येऊन बघतात तो तर्रीचे डोळे दुधाळ झाले होते. अंगाचा लाल रंग पुसट पडला होता. कात जवळ आली होती. हॉलमध्ये कूलर लावावा तर घर फुगतं आणि काटा नाचतो, बंद करावा तर तिशी. त्यांनी द्वारकाबाईंकडे बघितलं. द्वारकाबाईंच्या कपाळावर अजून निळा डाग होता.

"बघता काय?" त्या म्हणाल्या. "जा अन् विचारा त्या बाईंना. नाही म्हणाल्या तर मी जाते."

लिमयेबाईंनी दारातच सगळं ऐकून घेतलं.

"साप. माझ्या कोठीत."

"चारपाच दिवसच, बाई."

"चावते?"

"नाही."

"आवाज करते?"

"अजिबात नाही."

"येणारे-जाणारे?"

"कोणी नाही. म्हणजे, मी येईन."

"तो तोटा आहे," बाई म्हणाल्या. "पण आणा."

पेटी खाली गेली. तर्री गजभियांनी आत ठेवलेल्या ओल्या शेवाळाच्या डब्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक अघटित घडलं. तीन वर्षं ज्या सोसायटीला प्लंबर मिळाला नव्हता, तिचे चेअरमन प्लंबरला घेऊन लिमयेबाईंच्या दारात उभे राहिले. फोटोखाली ग्रुपवर लोक नाही नाही ते लिहायला लागले होते, आणि निवडणूक जवळ होती.

दार लिमयेबाईंनी उघडलं. मागे गजभिये उभे.

"बाई, आपली गळती आज बंद करून टाकू," तात्याराव म्हणाले. "जोड बदलायचा, भिंतीला हीटर लावायचा, दोन दिवसांत भिंत ठणठणीत."

"आज नको," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे आज नको. तीन वर्षं थांबले, आणखी चार दिवस थांबते."

तात्यारावांनी गजभियांकडे बघितलं. मग त्यांना बाईंच्या खांद्यावरून कोठीतली काचेची पेटी दिसली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "या सापासाठी? संस्थेच्या पाण्याची गळती सापासाठी राखायची? अहो, टँकर मागवतो आपण! मी कमिटीच्या अधिकारात आत येऊन..."

"कोणता अधिकार?" लिमयेबाईंनी दारामागच्या खिळ्यावरून एक कागद काढला. तीन वर्षांत तो बराच हाताळलेला होता. "सदर ओल हवामानामुळे असून तिच्याशी संस्थेचा संबंध नाही. खाली सही कुणाची? तात्याराव, ज्या ओलीशी संस्थेचा संबंध नाही, ती संस्था बंद कशी करते? रीत दाखवा. पायऱ्यांसकट."

तात्यारावांनी उंबऱ्याकडे पाऊल टाकलं. गजभिये पुढे आले आणि दाराच्या चौकटीत उभे राहिले, हाताची घडी घालून. नोकरीत कितीतरी वेळा पुढारी, ठेकेदार, वरिष्ठ दारात आले आणि ते बाजूला झाले होते. या वेळी ते हलले नाहीत.

"पाण्याची काळजी करू नका," ते म्हणाले. "जोडाखाली बादली लटकवली आहे. थेंब न् थेंब साठते, अन् बाईंच्या कुंड्यांना जाते. माझा कूलर बंद आहे, म्हणजे टँकरच्या पाण्याची उलट बचतच आहे. पण आत कोणी यायचं नाही. तिला धक्का लागला तर कात फाटते."

प्लंबर मजेत बघत होता. "साहेब, मी चहा पिऊन येऊ का?" असं विचारून तो गेला तो गेलाच.

पुढचे दिवस गजभिये कोठीबाहेर खुर्ची टाकून बसत. द्वारकाबाई डबा घेऊन येत आणि डबा संपला तरी जात नसत. लिमयेबाई शब्दकोडं सोडवत, आणि मध्येच एखादा शब्द अडला की पेटीकडे बघून विचारत. ग्रुपवर काही लोकांनी 'गळती हटाव' म्हणून आवाज उठवला, तर कुसुमताईंनी 'गळती बचाव' म्हणून. तात्यारावांनी नोटीस बोर्डावर गजभियांच्या नावे नोटीस लावली. गजभिये ती रोज वाचत आणि त्यातल्या चुकांखाली पेन्सिलीनं रेघ मारून येत.

तर्रीचे डोळे पुन्हा निवळले. मग एका सकाळी गजभिये दाढी करत असताना खालून हाक आली. द्वारकाबाईंची. इतकी वर्षं संसार केला, पण एवढ्या मोठ्यानं ओरडताना त्यांनी बायकोला कधी ऐकलं नव्हतं.

"अजीऽऽ! निघाली! अख्खी निघाली!"

ते तोंडाला फेस तसाच ठेवून जिना उतरले. मागोमाग अर्धी सोसायटी. पेटीत तर्री बसली होती, नवीकोरी, पोह्यांवर आत्ताच ओतल्यासारखी. आणि फांदीपासून डब्यापर्यंत, उलट्या मोज्यासारखी निघालेली ती कात, शेपटीच्या टोकापर्यंत कुठेही न तुटलेली. गजभियांनी ती अलगद उचलली आणि उजेडासमोर धरली. डोक्याच्या जागी दोन बारीक, पारदर्शक, गोल खिडक्या होत्या. दोन्ही डोळ्यांचे पापुद्रे आले होते. गजभियांना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही, आणि दाढीच्या फेसामुळे कुणाला फारसं कळलंही नाही.

अपेक्षानं व्हिडिओवर कात बघितली. "बाबा... वन पीस? आय कॅप्सपण? कसं केलंत? सौरभची पण एवढी परफेक्ट निघत नाही."

"सौरभला सांग," गजभिये म्हणाले, "आमचा सेटअप आहे."

"सॉरी बाबा. मी नको होतं म्हणायला तसं."

"ठीक आहे. तू फक्त तिला बघ."

त्या संध्याकाळी लोकांनी बघितलं तर नोटीस बोर्डाच्या काचेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तात्यारावांच्या नोटिशीवरून, तर्रीची कात आडवी लावलेली होती. तिच्याखाली खात्याच्या वळणदार अक्षरात एक कागद : 'कळविण्यात येते की, काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे. गळती दुरुस्त करण्यास आता आमची हरकत नाही.' खाली तीन सह्या होत्या. गजभिये, लिमये, आणि या प्रकरणाशी आपला काही संबंध नाही असं रोज सांगणाऱ्या द्वारकाबाई.

तात्यारावांनी तो कागद दोनदा वाचला. काच उघडायला हात पुढे केला, पण आत कात होती. हात मागे आला.

"असं काय," ते फणकाऱ्यानं म्हणाले. "तुमच्या सोयीनं गळती, तुमच्या सोयीनं दुरुस्ती? आता हा विषय पुढच्या मासिक सभेत येईल. मग अंदाजपत्रक, मग मंजुरी. वेळ लागेल."

मागे लिमयेबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. गजभिये पेटी वर न्यायला निघालेच होते, त्यांना हातानं थांबवून त्या म्हणाल्या, "सावकाश घ्या, तात्याराव. तिची पुढची कात अजून व्हायची आहे."